सगळं काम मीच केलं, तरी मी 'त्यांच्यात' नव्हते?

प्रश्न: ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हजेरी कधी कमी पडली नाही, मार्क चांगले आहेत. वर्गात मात्र तीन सेमिस्टरमध्ये एकही प्रश्न विचारलेला नाही. मागच्या सेमिस्टरला 'भावनिक कौशल्ये' असा दोन क्रेडिटचा विषय होता, त्यात मला वर्गात सगळ्यात वरची ग्रेड मिळाली. या सेमिस्टरला चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट होता. दोघींनी अर्धवट काम केलं, एका मुलाने तर काहीच नाही. शेअर केलेल्या फाइलमध्ये त्याच्या भागाचा फक्त मथळा होता, खाली कोरं पान. मी आठवडाभर ते उघडून बघत होते. कुणाला काही बोलले नाही, शेवटी रात्री जागून सगळं पूर्ण केलं. प्रेझेंटेशनला सरांनी त्यालाच प्रश्न विचारला, तर तो हसत म्हणाला, "तो भाग हिने केलाय, हिलाच विचारा." मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले आणि रडत बाहेर गेले. नंतर प्रोजेक्टवर 'रिफ्लेक्शन' लिहायचं होतं. 'टीमवर्कचं महत्त्व कळलं' असं पाच ओळीत लिहिलं, पैकीच्या पैकी मिळाले. आता ग्रुपमधलं कुणी माझ्याशी नीट बोलत नाही. एकजण म्हणाली, "तू आमच्यात कधी नव्हतीसच." हे फार लागलं, कारण सगळ्यात जास्त गुंतलेली मीच होते. सर म्हणतात, वर्गात बोलत जा, उपक्रमांत भाग घे, त्यातून माणूस भावनिकदृष्ट्या तयार होतो. खरंच होतो का? की मी स्वभावानेच अशी आहे? आणि त्या मुलाचं काय करू? पुढच्या सेमिस्टरला पुन्हा हाच ग्रुप आहे.

– दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर:

अगं, तुला आवडणार नाही, पण आधीच सांगून टाकते. ती मुलगी म्हणाली ते मला पटतं. प्रोजेक्टमध्ये तू पुरेपूर होतीस, ग्रुपमध्ये नव्हतीस. सगळं काम एकटीने ओढलं म्हणजे सगळ्यात जास्त आपणच गुंतलो, असं तू धरून चालली आहेस. मला त्यात अंग काढून घेणं दिसतं. कामातून नाही काढलंस, माणसांतून काढलंस.

रागावू नकोस, नीट सांगते.

विद्यार्थी गुंतलाय म्हणजे नेमकं काय, यावर शिक्षणशास्त्रात बरीच चर्चा झालेली आहे. 2004 मध्ये जेनिफर फ्रेड्रिक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शालेय शिक्षणावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन त्याचे तीन पदर मांडले. पुढे विद्यापीठांतही तेच वापरले जाऊ लागले. पहिला पदर वागण्याचा: हजेरी, सबमिशन, वेळ पाळणं. दुसरा भावनेचा: इथं यावंसं वाटतं का, विषयाची ओढ आहे का, ही माणसं आपली वाटतात का. तिसरा डोक्याचा: कळेपर्यंत झटणं, पाठ करून भागत असतानाही समजून घ्यायचा हट्ट धरणं. मग 2011 मध्ये जॉनमार्शल रीव्ह आणि चिंग-मेई त्सेंग यांनी चौथा पदर जोडला. तुझं दुखणं मला त्या चौथ्यात दिसतं. जे चाललंय त्यात आपण होऊन काही घालणं, असा तो पदर. "हे कळलं नाही, पुन्हा सांगता का?" असं विचारणं, "असं करून बघायचं का?" असं सुचवणं, "मला हे पटत नाही" असं तोंडावर सांगणं. समोर जे घडतंय ते आपल्या बोलण्याने थोडं तरी हलवणं.

पहिल्या आणि तिसऱ्यात तुला पैकीच्या पैकी. चौथ्यात तुझी पाटी कोरी आहे. आणि भावनांचं शिक्षण बहुतेक करून याच चौथ्या पदरात होतं, असं माझं मत आहे.

का ते बघ. तुझ्या त्या दोन क्रेडिटच्या विषयात काय काय असेल याचा अंदाज करता येतो. स्वतःची भावना ओळखणं, ती सावरणं, दुसऱ्याची ओळखणं, नातं राखणं, विचार करून निर्णय घेणं. जगभर थोड्याफार फरकाने हीच यादी शिकवली जाते आणि ती चुकीची नाही. अडचण एवढीच, की परीक्षेत 'राग आल्यावर काय कराल?' याचं उत्तर लिहिताना राग आलेला नसतो. समोर कुणी बसलेलं नसतं, आपल्या उत्तरावर कुणाचा चेहरा पडत नाही, कुणी उलटून बोलत नाही. तुझी ग्रेड खोटी नाही. तुला भावनांची नावं येतात हे त्या ग्रेडवरून कळतं, आणि त्याचा उपयोगही आहे. भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग थोडा शांत होतो, असं 2007 मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासात दिसलं होतं. पण नावं येणं ही सुरुवात झाली. त्या भावनेचं चार माणसांत करायचं काय, हे चार माणसांतच शिकावं लागतं.

आता तो कोऱ्या पानाचा आठवडा घेऊ. फाइल उघडायची, त्याचा मथळा बघायचा, खाली काही नाही हे बघायचं, फाइल बंद करायची. रोज. त्या आठवड्यात तुझ्या मनात काय काय येऊन गेलं असेल? आधी चीड. मग मार्कांची भीती. मग, वाईट वाटून घेणार नसशील तर म्हणते, 'माझ्यावाचून यांचं चालत नाही' याचं थोडंसं सुख. आणि शेवटी त्याच्याबद्दल तुच्छता. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही तुला काहीतरी सांगत होत्या. चीड सांगत होती की ठरलेलं पाळलं गेलेलं नाही, तेव्हा ते बोलायला हवं. भीती सांगत होती की दिवस कमी उरलेत. ते सुख सांगत होतं की एकटीने सगळं पेलण्याची तुला सवय आहे आणि ती तुला आवडतेही. तुच्छतेचा अर्थ सगळ्यात वाईट होता: त्याला तू मनातून वजा करून टाकलं होतंस. या सगळ्यांवर तू एकच झाकण ठेवलंस. "राहू दे, मीच करते."

हे वाक्य ऐकायला मोठं समजूतदार वाटतं. मला ते भित्रं वाटतं. एक अवघड बोलणं टाळण्यासाठी तू रात्रभराचं काम पत्करलंस. बोलणं दोन मिनिटांचं होतं, पण ते तुला कामापेक्षा जड गेलं असतं.

आणि झाकण ठेवून आतलं निवत नाही. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकापासून यावर काम केलंय. चेहऱ्यावर काही उमटू न देणाऱ्या माणसांच्या आतली जळजळ तेवढीच राहते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पुढे 2000 मध्ये जेन रिचर्ड्स यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. चेहरा कोरा ठेवण्यात गुंतलेल्या लोकांना समोर दाखवलेलं, सांगितलेलं कमी आठवलं. म्हणजे ग्रुपच्या मीटिंगमध्ये तू दात आवळून बसलेली असतेस तेव्हा तिथलं बोलणंही तुझ्यापर्यंत अर्धंच पोहोचत असणार. तुझ्याशी सगळ्यात जवळचा अभ्यास मात्र 2009 चा आहे. संजय श्रीवास्तव, ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी नव्याने कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींना, येण्याआधीपासून पहिल्या सत्रापर्यंत, तपासलं. जी मुलं भावना दाबत होती त्यांना पुढे मित्रमंडळींचा आधार कमी मिळाला, कुणाशी जवळीक कमी झाली. हे वाचताना मला ते "तू आमच्यात कधी नव्हतीसच" आठवलं. तू चिडली आहेस, घाबरली आहेस, थकली आहेस हे त्यांना कधी दिसलंच नाही. त्यांना दिसली ती सगळं येणारी, काही न बोलणारी, आपल्याला कमी लेखणारी एक मुलगी. आणि मग एकदम ओरडणारी. मधल्या पायऱ्या त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत.

मधली पायरी कशी असते ते लिहूनच दाखवते. कोरं पान पहिल्यांदा दिसलं त्या संध्याकाळचा मेसेज: "तुझा भाग अजून रिकामा दिसतोय. परवापर्यंत होईल ना? अडलं असेल तर सांग, अर्धा तास बसून बघू. मला आता टेन्शन यायला लागलंय." बस, एवढंच. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि लिहायला सगळ्यात कठीण. 'तू बेजबाबदार आहेस' हे लिहिणं सोपं आहे, त्यात आपलं काही उघडं पडत नाही. 'मला टेन्शन आलंय' लिहिलं की आपण त्याच्या हातात थोडे सापडतो.

यावर तो काय करेल? कदाचित "हो हो, करतो" म्हणून विसरेल. कदाचित निळी खूण दिसेल आणि उत्तर येणार नाही. कदाचित लिहील, "मला तो भागच कळलेला नाही." ही तिसरी शक्यता कुणी तपासली होती का? प्रेझेंटेशनला त्याचं ते हसणं उर्मटपणाचं असेलही, मी त्याची वकिली करत नाही. पण वर्गासमोर आपल्याला काही येत नाही हे उघड होण्याच्या क्षणी पुष्कळ मुलं हसतात. विचारलं असतंस तर तुला एक माणूस वाचता आला असता, तेही घाबरलेलं, दडवणारं माणूस. दुसऱ्याची भावना ओळखणं म्हणतात ते हेच, आणि त्याच्या उत्तराची वाट बघण्यात जे पोटात खड्डा पाडणारे दोन तास जातात, ते भावना सावरण्याचं प्रात्यक्षिक.

आता सरांचं म्हणणं. वर्गात बोलण्याने माणूस तयार होतो का? होतो, पण आपोआप नाही, आणि सुरुवातीला उलटंच वाटतं. हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या टप्प्याच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना नुसतं व्याख्यान मिळालं, काहींना तोच मजकूर स्वतः गणितं सोडवत, शेजाऱ्याशी चर्चा करत शिकायचा होता. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त मार्क मिळाले. पण 'किती शिकलात?' विचारल्यावर याच गटाने आपण कमी शिकलो असं सांगितलं. व्याख्यान गुळगुळीत असतं, ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना अडखळायला होतं, आणि ते अडखळणं म्हणजे आपल्याला येत नाही असा विद्यार्थ्यांचा समज होतो. लुईस डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास विषयाच्या ज्ञानाबद्दलचा होता. मी त्यातून एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की भावनांच्या बाबतीतही हीच फसगत होते. पहिल्यांदा हात वर करशील तेव्हा घशाला कोरड पडेल, वाक्य अर्धवट निघेल, आणि खाली बसताना वाटेल, हे आपलं काम नव्हे. त्या वाटण्यावर निकाल देऊ नकोस.

भीती कमी करायचा एक साधा मार्ग आहे. अभ्यासातल्या भावनांवर राइनहार्ड पेकरून यांनी 2006 मध्ये जी मांडणी केली, तिचं सार असं, की एखाद्या गोष्टीला आपण किती किंमत देतो आणि ती आपल्या किती हातात आहे असं वाटतं, यावर भावना ठरते. किंमत भरपूर आणि हातात राहील याची खात्री नाही, की चिंता. किंमतच नाही, की कंटाळा. तुझ्या बाबतीत किंमत भरपूर आहेच, तेव्हा हाताबाहेरचं हातात आणण्याकडे बघ. वर्गात उत्स्फूर्त बोलायला जाऊ नकोस. आदल्या रात्री धड्यातली एक जागा शोध, जी तुला खरंच कळलेली नाही. प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिही. वर्गात तो वाचून विचार, वाचून विचारायला काही कायदेशीर बंदी नाही. पहिले काही आठवडे तास संपल्यावर सरांच्या टेबलाशी जाऊन विचारलास तरी चालेल. प्रश्न खोटा नको, एवढंच. आपण लक्ष देतोय हे दाखवायला विचारलेला प्रश्न कुणालाही ओळखू येतो, आणि त्यातून तू काही शिकणार नाहीस.

उपक्रमांचं मात्र मी सरांइतक्या उत्साहाने सांगणार नाही. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी 1984 मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाबद्दल जे लिहिलं, त्याचा मुद्दा आजही विसरला जातो: विद्यार्थी कॉलेजच्या जगण्यात किती शक्ती ओततो, शरीराची आणि मनाची, ते बघा, आणि त्याचा वेळ मोजका आहे हेही लक्षात ठेवा. पाच समित्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असणं आणि पाच प्रमाणपत्रं गोळा करणं यात शक्ती लागते, पण ती कुठेच मुरत नाही. तू एकच गोष्ट धर. वादविवाद मंडळ, नाटक, नियतकालिक, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणं, काहीही. निवडताना दोन गोष्टी बघ. तिथं तुझ्यावाचून कुणाचं तरी अडायला हवं, म्हणजे गैरहजर राहिलीस तर फोन येईल. आणि तिथं तू सगळ्यात हुशार नसावीस. दुसरी अट मुद्दाम घातलीय. जिथं तुला सगळं येतं तिथं तू पुन्हा "राहू दे, मीच करते" म्हणणार. जिथं येत नाही तिथं मागावं लागेल, चुकावं लागेल, कुणीतरी सांभाळून घेईल, आणि सांभाळून घेतलं जाण्याची तुला सवयच नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं. एका सत्राच्या आत सोडू नकोस. माणसांची पहिली ओळख संपून पहिलं भांडण होईपर्यंत थांबायला हवं, आणि त्या भांडणानंतरही आठवडाभर तरी. शिकण्यासारखं तिथून पुढे सुरू होतं.

'मी स्वभावानेच अशी आहे का?' असेलही थोडं. काही माणसं कमी बोलतात आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. कमी बोलणारी माणसंही "मला टेन्शन आलंय" असं चार शब्दांत सांगू शकतात. पण तुझ्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न आहे असं मला वाटतं: मी इथली आहे की नाही? तर ही शंका तुझ्या एकटीची नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले होते. त्यांचा सूर एकच, की 'आपण इथे बसत नाही' असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि काळ जाईल तसं ते ओसरतं. मग त्यांना स्वतःचा अनुभव त्याच धर्तीवर लिहायला लावलं. सगळा प्रकार तासाभराचा. पण त्या विद्यापीठात अल्पसंख्य असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत गेले. एका तासाने कुणाचा स्वभाव बदलत नाही. बदलला तो अर्थ. कुणी नमस्काराला उत्तर दिलं नाही तर 'मी नकोशी आहे' याऐवजी 'त्याचं लक्ष नसेल' असा अर्थ लागू लागला, की माणूस पुन्हा बोलायला जातो.

आणि एक. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवून दिलं की नव्याने बोलणाऱ्या दोन माणसांना, समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते एकमेकांना जास्त आवडलेले असतात. एका निवासात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला. तेव्हा 'कुणी माझ्याशी नीट बोलत नाही' हे तुझं निरीक्षणही जरा सैल धर. त्यांनाही तुझ्याशी कसं बोलावं ते कळत नसेल. ओरडून, रडून निघून गेलेल्या मुलीला पहिला शब्द काय बोलायचा, हे एकोणिसाव्या वर्षी कुणाला ठाऊक असतं?

म्हणून पहिला शब्द तू बोल. तिघांना एकत्र बोलावून भाषण देऊ नकोस. जी मुलगी ते वाक्य म्हणाली तिच्यापासून सुरुवात कर, कारण तिने तुला खरं सांगितलंय, आणि खरं सांगणारा माणूस अजून पुरता तुटलेला नसतो. तिला म्हण, "तू म्हणालीस ते मला लागलं, पण विचार केल्यावर पटलं. मी तुमच्यावर विश्वासच ठेवला नाही. पण मी एकटी जागत होते तेव्हा मला तुमचा रागही आला होता." दोन्ही बाजू सांग. नुसती माफी मागितलीस तर ते पुन्हा झाकणच होईल. ती काय म्हणते ते ऐक आणि लगेच खुलासा द्यायला जाऊ नकोस. तिने अर्धवट काम का केलं याचं तिचं काही कारण निघेल. कदाचित तू तिचा भाग न विचारता दुरुस्त केला असशील आणि तिने मग हात आखडता घेतला असेल. असं मी ग्रुपमध्ये फार वेळा होताना पाहिलंय.

त्या मुलाला ओरडल्याबद्दल सॉरी म्हण. काम न केल्याबद्दलचा तुझा राग त्या सॉरीत विरघळवू नकोस. "सगळ्यांसमोर ओरडले ते चुकलं. काम आलं नाही याचा राग अजून आहे." दोन वाक्यं, दोन वेगळ्या गोष्टी.

तुझ्या 'टीमवर्कचं महत्त्व कळलं' या पाच ओळींना पैकीच्या पैकी मिळाले हे वाचून मला हसू आलं आणि थोडा संतापही. यात तुझा दोष कमी, आणि ज्या पद्धतीत रिफ्लेक्शनलाही मार्क असतात तिचा जास्त. मार्कांसाठी लिहायचं म्हटलं की कुणीही शहाणपणाचं लिहिणार. तू ते पुन्हा लिही, कुणाला न दाखवण्यासाठी. पण 'मला काय शिकायला मिळालं' असं लिहू नकोस. त्या आठवड्यातला एकेक दिवस घे, आणि त्या दिवशी काय वाटलं, काय केलं, काय करता आलं असतं, एवढंच लिही. जिथं 'वाईट वाटलं' लिहिशील तिथं थांबून विचार, अपमान वाटला का, एकटं वाटलं का, दमले होते का? तुला नावं येतात ना, ती इथं वापर.

हे सगळं करताना झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कॉलेजला जायचीच भीती बसली असेल किंवा हे रडू आठवडे उलटले तरी थांबत नसेल, तर मात्र माझ्या सदरावर अवलंबून राहू नकोस. तुमच्याकडे समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा, नसतील तर डॉक्टरांकडे जा. तो गुंतण्याचाच एक भाग समज.

आता पुढचं सेमिस्टर. काम न करणारा माणूस मुळातच आळशी असतो असं नाही. 1979 मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकटं आणि गटात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं. गट मोठा होत गेला तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की कुणाचा आवाज किती हे ओळखू येतं असं सांगितलं की ही ढिलाई ओसरते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांची नावं एकत्र, मार्क एकत्र, आणि कमी पडलं की भरून काढणारी तू. अशात एखाद्याचा हात सैल सुटला तर नवल नाही.

तेव्हा पहिल्याच मीटिंगला कामाचे चार भाग करा, प्रत्येक भागावर नाव लिहा, आणि ही वाटणी सरांना मेल करा. मेल तू एकटीने पाठवू नकोस, चौघांनी मिळून पाठवा, म्हणजे ती चुगली होत नाही. आपापला भाग व्हायवाला आपणच सांगायचा असं ठरवा. दर आठवड्याला दहा मिनिटं बसा आणि प्रत्येकाने दोन गोष्टी सांगा: काय झालं, कुठे अडलंय. अडलेलं सांगण्याची सुरुवात तू कर. तुला काही येत नाही हे त्यांनी अजून ऐकलेलंच नाही.

मुदतीच्या निम्म्यावर त्याचं पान कोरंच असेल तर आधी त्याच्याशी बोल, आणि त्यातून काही निघालं नाही तर त्याला सांगून सरांकडे जा. त्याच्या पाठीमागे जाऊ नकोस. "मी उद्या सरांना हे सांगणार आहे, तू बरोबर आलास तर बरं." आणि एवढं करूनही शेवटच्या रात्री ते पान कोरं राहिलं, तर ते तसंच सबमिट कर आणि झोप.